उजवा हात, डावा हात

नमुना पाठ द्यायचा झाला की आमच्या केंद्रात माझंच नाव निघतं. कारण साधं आहे, माझे पाठ बसवलेले असतात. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक परिषदेला जमतात, मागे खुर्च्यांवर बसतात, आणि माझ्या वर्गातले सगळे हात वर जातात. यामागे एक जुनी युक्ती आहे. उत्तर येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. पाहुण्यांना नुसते हात दिसतात. आपण उजवा बघून उभं करायचं.

गेल्या वर्षी चिकित्सक विचाराचं प्रशिक्षण झालं. मुलांना उत्तर सांगू नका, त्यांना प्रश्न विचारू द्या. लाखांदूरहून परतताना एसटीत आम्ही पोटभर हसलो. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले एक सर म्हणाले, "पोरं विचार करत बसले तं अभ्यासक्रम कोण पुरा करन, शिक्षणाधिकारी?" सगळ्यात मोठ्यानं मीच हसले असेन. तरी या पद्धतीचा पहिला पाठ माझ्याच गळ्यात पडला. केंद्रप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, तुमचा फसला तर इथं पुन्हा कोणी याचं नाव काढणार नाही."

म्हणून मी तोही बसवला. तीन दिवस. कोणी "का?" विचारायचं, कोणी शंका काढायची, कोणी थोडं थांबून विचार केल्यासारखं करायचं, सगळं ठरलेलं. यात काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही.

"आपल्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात कमी का होतं?" मी विचारलं. हात वर. ठरलेल्या मुलानं बाष्पीभवन सांगितलं. पण पाचवीतल्या एका मुलीचा डावा हात खाली येईना. तिचे वडील तलावात मासोळ्या धरतात. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात मागून एसटीतले तेच सर बोलले, "मॅडम, त्या पोरीले विचारा न. कवाची हात वर करून बसली." डाव्या हाताचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी ही युक्ती मला त्यांनीच शिकवली होती.

मुलगी उठली. "मले उत्तर नाही येत, मॅडम. पर ऊन तं शाळेमागच्या लहान्या बोडीवरही पडते. ते काहून नाही आटत एवढी?"

"तलावाचं तुडुम उघडतेत न," शेतकऱ्याची एक मुलगी म्हणाली. तुडुम म्हणजे शेतांना पाणी सोडायचं तलावाचं दार. "पाणी नाही सोडलं तं उन्हाळी धान कसा होईन?"

"मंग आमच्या मासोळ्याईनं का चिखलात रायाचं?"

"तू भात नाही खात का वं?"

वर्ग पेटला. त्या गोंधळात तिसऱ्या रांगेतला मुलगा प्रामाणिकपणे उभा राहिला आणि त्याला नेमून दिलेली शंका विचारून खाली बसला. कोणी ऐकलीसुद्धा नाही.

पाठ तर गेलाच होता. मी खडू ठेवला आणि विचारलं, "पाणी जास्त कोण नेतं, ऊन की तुडुम? कसं ओळखायचं?" उत्तर माझ्या टाचणात नव्हतं.

"दोन्हीकडं काठी गाडू," डाव्या हाताची मुलगी म्हणाली. "रोज खूण करू. बोडीले तुडुमच नाही."

चहाच्या वेळी "वर्गात बाजार भरला होता" हे दोनदा ऐकलं. सरांनी विचारलं, "हे बसवलं होतं का?"

"नाही."

"दिसूनच राहिलं होतं," म्हणाले आणि कप ठेवून निघून गेले. मी समजले, संपलं.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "काठीवरची खूण किती उतरली?"

"तलावाची वीतभर. बोडीची दोन बोटं."

"मीही काठी गाडली आमच्या गावच्या तलावात. पोरं घेऊन गेलो होतो. तुडुम उघडं आहे, तरी चारच बोटं उतरली. काहून?"

"मला माहीत नाही, सर," मी म्हणाले. "उद्या वर्गात विचारून सांगते."