पाच गिअरची सायकल

आमच्या निर्मळ गावाहून सोपाऱ्याच्या स्टेशनात फुलं पोचवायची ती मी, आमच्या दांडीच्या काळ्या सायकलवर. तिला गिअर नव्हते. चढ असो, वारा असो, जोर लावायचा तो आपल्याच मांड्यांनी. दादरला जाणाऱ्या फुलवालीच्या हाती करंडी दिली की मी तशीच पुढे कॉलेजला जायची. फुलांच्या निमित्तानं पोरगी शिकतेय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग दादानं कारखान्यातल्या कुणाकडून तरी पाच गिअरची सायकल आणली. बाबा म्हणाले, "आता हा नेईल फुलं. तुला कशाला ती दगदग?"

म्हणजे कॉलेज बंद! असा संताप आला मला. म्हटलं, "उद्या दोघंही नेऊ, निम्मी निम्मी. बघू कोण आधी पोचतं ते."

बाबांनी दोन्ही करंड्या केळीच्या सोपटानं, खोडाच्या सुकलेल्या सालीनं, बांधल्या. एका ओढीत गाठ सुटावी म्हणून टोक लांब सोडायचं, ही आमच्या वाडीतली रीत. थंडीचे दिवस, वारा समोरून. सपाट रस्त्याला मी दादाच्या बरोबरीनं होते, पण वाऱ्यापुढे माझ्या सायकलचं काही चालेना. मी उभी राहून पायडल मारतेय, आणि यानं गिअरचा खटका ओढला अन् गुणगुणत पुढे गेला. हरले तरी पोचणारच, मी दात-ओठ खात ठरवलं.

ओढ्यावरच्या मोरीपाशी बघते तर दादाची स्वारी खाली बसलेली. करंडीचं लोंबतं सोपट मागच्या गिअरमध्ये गुंडाळलं होतं, चाक जागचं हलेना.

"माझीही करंडी घे गं, नाहीतर फुलं राहतील!"

ती मी हँडलला अडकवली आणि दोन्ही वेळेवर पोचवल्या.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "शोभेची आहे ती सायकल. वाडीच्या कामाची नाही."

गप्प बसले असते तर मीच जिंकले होते. पण खोटं मला सोसवेना.

"सायकल चांगलीच आहे, बाबा. माझ्या सायकलपेक्षा हलकी पळते. करंडी सुतळीनं बांधा आणि टोक आत खोचा, म्हणजे झालं."

"मग उद्यापासून हाच नेईल."

"का? सायकल चांगली म्हणून? मग ती मला द्या. फुलं मी नेणार, आणि कॉलेजही सोडणार नाही."

दादा उठला, पाना घेऊन आला आणि सीट माझ्या उंचीला खाली करायला लागला.