मागचा बाक

कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी मराठी मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, असते. तिथे वर्षानुवर्षं माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डाव्या गुडघ्याला पट्टा. जुन्या लॅटिन प्रार्थनेला पोपनी आवर घातला, हे त्यांना सहन होत नसे. मिस्सा संपली की पार्किंगमध्ये हेल्मेट हातात धरून ते पोपच्या चुकांचा पाढा वाचत आणि माझं डोकं तापे.

एकदा मी म्हणालोच, "अहो, एवढं पटत नाही तर येता कशाला?"

ते शांतपणे म्हणाले, "वडिलांशीही मी रोज भांडायचो. पण शेवटपर्यंत अंघोळ मीच घातली त्यांना."

मला ते नाटकी वाटलं. मिस्सेत आजूबाजूच्यांना हात जोडून शांतीची शुभेच्छा द्यायची असते. त्या दिवसापासून मी डावीकडे वळायचो, उजवीकडे वळायचो, मागे नाही.

पुढे पोप आजारी पडले. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असं फादर म्हणाले. मी बसल्या जागी डोळे मिटले. मागून कण्हल्याचा आवाज आला म्हणून चोरून पाहिलं. तो पट्ट्याचा गुडघा फरशीवर टेकवून ते लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटत होते आणि रडत होते.

शांती द्यायची वेळ आली, तेव्हाही मी वळलो नाही. या वेळी लाजेने.

नंतर ते दिसेनासे झाले. चार रविवार वाट पाहून मी फादरांकडे मागच्या बाकावरच्या त्या गृहस्थांची चौकशी केली.

"कोण हो?" फादर म्हणाले. "नाव काय त्यांचं?"