मैदानाचा नारळ

छबुबाईला फसवणं सोपं नव्हतं. आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. मुकादम जरा गोड बोलायला लागला, की ही पदर खोचून उभीच. अशा बाईला गंडवायला माणूसही तसाच लागतो, आणि दिंद्रुडजवळच्या त्या वाडीत तो होता. अंगदराव. सरपंच त्यांची बायको. पण सरपंच म्हणून हाक मारली, की ओ द्यायचे तेच.

छबुबाईच्या तेजश्रीची बारावी झाली होती. पोरीला पोलीस भरतीचं वेड. पळायला मात्र जागा नव्हती. पहाटे उठून ती दिंद्रुडच्या रस्त्यावर पळायची. उसाचे ट्रॅक्टर अंगाला घासून जायचे आणि मोटारसायकलवरची टवाळ पोरं मागं लागायची. एकदा ती रडतच घरी आली, तेव्हा तिच्या बापानं, शहादेवनं, निकाल दिला.

"बास झालं पळणं. स्थळ बघू. तिचा बी कोयता हुईल."

कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. स्वतः छबुबाई त्या मोजणीत पंधराव्या वर्षीच शिरली होती. लेकीनं शिरू नये, एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं.

"अन् गावात मैदान झालं तर?" तिनं विचारलं.

शहादेव वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "झालं तर पळू दे. एक सीझन थांबतो."

छबुबाई टोळीतल्या बायका घेऊन ग्रामसभेत गेली. बायका ग्रामसभेत आल्या याचंच पुरुषांना हसू. ती म्हणाली, "मंदिराला कळस झाला, चौकात कमान झाली. आता लेकरांना खेळायला अन् पोरींना पळायला मैदान करा. लई न्हाई मागत."

अंगदराव उठले, चक्क हात जोडले. "आक्का, निधी मी आणतो. गायरानाच्या कडंची जागा देऊ. पण तिथं वेडी बाभूळ माजलीय. तेवढं गावानं साफ करावं."

गाव म्हणजे कोण, ते सांगायला नको. बायकांनीच कोयते काढले. ऊस तोडणाऱ्या हातांना बाभळीचं काय. पण काटे पायातून पार निघायचे. छबुबाई घराघरांतून बायकांना ओढून आणायची, वर दरडावायची, "तुमच्या बी पोरी हायेत ना?" जागा तळहातासारखी सपाट झाली. तेजश्री चपला काढून तिथं पळाली, तेव्हा काम टाकून सगळ्या तिच्याकडं बघत राहिल्या.

दसऱ्याच्या सुमाराला भूमिपूजन झालं. अंगदरावांनी नारळ थेट छबुबाईच्या हातात दिला. "मान आक्काचा." टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. इथंच ती फसली. तोडीला निघताना ट्रॅक्टरपुढं नारळ फुटला, की टोळीतलं कुणी माघार घेत नाही; मुकादमही नाही. तिच्या लेखी काम पक्कं झालं होतं. ठराव झाला का, निधी कशासाठी येणार, हे तिनं विचारलं नाही. फुटलेल्या नारळावर आणखी काय विचारायचं? तेजश्रीला आजीजवळ ठेवून ती निर्धास्त मनानं तोडीच्या गाडीत बसली.

उन्हाळ्याच्या तोंडाला टोळी परतली. छबुबाई घरी न जाता बोचक्यासकट आधी मैदानावर गेली. तिथं मोठं सभागृह उभं होतं. आईला फडात घोर नको म्हणून तेजश्रीनं फोनवर अवाक्षर काढलं नव्हतं. उरलेल्या जागेत फरशी, भोवती भिंत आणि लोखंडी गेट. गेटला कुलूप. वर अंगदरावांच्या वडिलांचं नाव, आणि त्याच्या शेजारी नारळ फोडणाऱ्या छबुबाईचा भलामोठा फोटो.

ती तशीच अंगदरावांच्या दारात गेली. "दादा, माझ्या लेकीचं मैदान कुठं हाय?"

"मैदानाला निधी बसंना, आक्का. सभागृहाला बसला. हिवाळ्यात ग्रामसभेत ठराव झाला की. तुमी आला न्हाईत."

"आमी फडात होतो! तुमाला म्हाईत न्हाई का?"

"अन् नारळ तर तुमीच फोडला," अंगदराव हसून म्हणाले.

गावात वेगळंच सुरू झालं. ज्यांच्या पायात काटे मोडले होते त्या बायका हिच्याशी बोलेनात. छबीला काहीतरी मिळालं असणार, नाहीतर फोटो कशापायी लावला? अंगदरावांचा घाव तिनं कसाबसा सोसला असता. हा सोसवला नाही.

शहादेवचा सीझन थांबून झाला होता. वैशाखात तेजश्रीचं लग्न ठरलं. नवरा केजकडचा, तोही तोडीतलाच. गावच्या लेकीसाठी सभागृहाचं भाडं माफ, असं अंगदरावांनी परस्पर जाहीर केलं, आणि शहादेवनं त्यांचे पायच धरले. अशा रीतीनं तेजश्री जिथं पळणार होती तिथंच, जड शालू सावरत, एकेक पाऊल टाकत बोहल्यावर चढली.

फेटा बांधलेले अंगदराव नारळ घेऊन पुढं आले. "आक्का, नव्या सभागृहातलं पहिलं लग्न. नारळ तुमच्याच हातचा."

फोटोवाला सरसावला. छबुबाईनं नारळ हातात घेतला. सगळ्यांदेखत ती तेजश्रीपाशी गेली, आणि तो अख्खा नारळ तिनं लेकीच्या ओटीत घातला.

"फोडला न्हाई बाई," ती म्हणाली. "फुटलेल्या नारळाच्या भरवशावर मी तुला घालवून बसले."

तेजश्रीनं ओटी घट्ट धरली. बाहेर तिच्या सासरची गाडी उभी होती, आणि यंदा मुकादमाच्या मोजणीत एक कोयता वाढणार होता.