वायसर बघून घेतलेली लेन्स

माझा मामा प्लंबर आहे. त्यामुळे त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, गळणाऱ्या आणि पुढेमागे गळणार असलेल्या. माणसांनाही तो हेच माप लावतो. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाला भेटून आल्यावर तो एवढंच म्हणाला होता, की जॉइंट पक्का वाटतो.

त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र मला आठवतं तेव्हापासून टपकतो आहे. मामीने त्याखाली पातेलं ठेवलंय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण ओले पाषाण, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. मामी घरी पडदे शिवते. निम्म्या गावाच्या खिडक्यांची मापं तिला तोंडपाठ आहेत, पण त्या खिडक्यांतून बाहेर काय दिसतं ते बघायला तिला कुणी कधी बोलावलं नाही.

बघायचं भाग्य मामाचं. पाण्याच्या टाक्या गच्चीवर असतात आणि गावातल्या बहुतेक गच्च्यांवर मामा जाऊन आलाय. तिथेच त्याला फोटोंचा नाद लागला. टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा बॉलकॉक बसवून झाला की हात पुसायचे आणि पिशवीतून कॅमेरा काढायचा. समोर गावाला लागून असलेला डोंगर, त्याच्या माथ्यावर एक पांढरी पत्र्याची शेड. तो डोंगर त्याने इतक्या वेळा काढलाय, की डोंगरालाही आता कंटाळा आला असेल. एके दिवशी एका फुटक्या पाइपाने कॅमेऱ्यावरच फवारा सोडला आणि कॅमेरा कामातून गेला.

नवीन घ्यायला मी त्याच्याबरोबर गेले होते. मामाने दुकानदाराला स्वच्छ सांगितलं, की ऊन, पाऊस, धूळ सगळं सोसेल अशी झूम लेन्स दाखवा, पुढे प्रवासालाही न्यायची आहे. दुकानदार काचांबद्दल आणि रंगांबद्दल बोलत होता. मामाचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने लेन्स उलटी केली, कॅमेऱ्याला बसते त्या बाजूचं बारीक रबरी कडं नखाने चाचपलं आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

"अरे, हिला वायसर आहे की!"

दुकानदाराने आतही ठिकठिकाणी असंच रबर असल्याचं सांगितलं. पाऊस चालेल, पण पाण्यात बुडवू नका, असंही म्हणाला. मामाने झूमचं नळकांडं पुढे ओढून बघितलं. पुढेमागे होणारा भाग गळतोच, हातपंपाचा दट्ट्या बघा, असा त्याचा मुद्दा. दुकानदार बिचारा प्रामाणिक निघाला. पावसात झूम पुढे काढलं असेल तर पुसल्याशिवाय मागे घेऊ नका, म्हणाला. आणि कॅमेऱ्यालाही असंच रबर नसेल तर नुसत्या लेन्सचा उपयोग नाही, हेही त्याने कबूल केलं. पाइप भारी आणि जॉइंट कच्चा, हे मामाला कसं चालणार? कॅमेराही तसलाच घेतला. शिवाय जवळचं आणि लांबचं एकाच लेन्समध्ये येत असल्याने पावसात ती बदलायची भानगड नाही, याचा त्याला फार आनंद. चालू लाइन उघडायची नसते, हा त्याचा धंद्यातला पहिला नियम.

नव्याचे नऊ दिवस, असं मामी म्हणाली. दोन वर्षं झाली तरी नऊ दिवस संपले नाहीत. लेन्सने पाऊस खाल्ला, सिमेंटची धूळ खाल्ली, गच्चीवरचं ऊन खाल्लं. प्रवास तेवढा राहिला. तो झाला फक्त जिन्यांचा.

मामीला डोंगरावरच्या त्या शेडपर्यंत जायचं होतं. एकदा मामाचे फोटो बघताना तिने सहज विचारलं, की तिथून आपलं घर दिसत असेल का. जाऊन बघू की, मामा म्हणाला. चार वेळा बेत ठरला आणि चारही वेळा कुणाचं तरी काहीतरी फुटलं. मामाला नाही म्हणता येत नाही. पाणी वाया जातंय असं कुणी म्हटलं, की त्याच्या पायाला चाकं लागतात. चौथ्या वेळी तर मामी बूट घालून दारात उभी होती. फोन आला. तिने बूट काढले, थर्मासमधला चहा मला ओतून दिला आणि मशीनवर जाऊन बसली. एरवी मामीचं तोंड म्हणजे पूर्ण सोडलेला नळ. त्या दिवशी ती भांडली नाही, याचीच मला धास्ती वाटली.

"आता पाचव्यांदा मी विचारणार नाही," ती मला म्हणाली. ती मामावर नेहमीच रुसते, पण हे रुसणं नव्हतं. हे मी मामाला जसंच्या तसं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच सांगितलं, की रविवारी जायचं.

शनिवारी दुपारी डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या डॉक्टरांचा बॉलकॉक बिघडला. मामाने धावतपळत जाऊन नवा बसवला आणि घरी येऊन फोन कपाटात कोंडला. मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं.

रविवारी अर्ध्या वाटेवर पावसाने गाठलं. डोंगर चढायला आलेली बाकीची माणसं कॅमेरे शर्टाखाली दडवून खाली पळत सुटली. मामा मात्र वाटेच्या मधोमध उभा राहून फोटो काढत होता, रुमालाने नळकांडं पुसून झूम मागे घेत होता, पुन्हा पुढे काढत होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. मामी रेनकोटात गुरफटून पुढे चालली होती. या माणसापेक्षा याची लेन्स समजूतदार आहे, असं ती म्हणत होती, पण हसत म्हणत होती.

माथ्यावर पोचलो आणि पाऊस थांबला. खाली अख्खं गाव धुऊन निघालं होतं. मामी शेडमधल्या बाकावर बसून थर्मास उघडायला लागली. मामाने लेन्स पुरती लांबवून गावावर रोखली. एकेक गच्ची ओळखून तो मला सांगत होता, ही बँकवाल्याची, ही शाळेची. मग लेन्स एका गच्चीवर अडकली.

त्याने कॅमेरा खाली घेतला आणि उतरणीच्या वाटेकडे बघितलं. मला काही कळेना. मामीला कळलं. ती उठली, त्याच्या गळ्यातला पट्टा काढून कॅमेरा डोळ्याला लावला. सव्वीस वर्षं प्लंबरची बायको आहे ती.

"डॉक्टरांची टाकी वाहतेय," ती म्हणाली.

निळ्या टाकीतून पाण्याचा जाड ओघ भिंतीवरून खाली चालला होता. कालचाच बॉलकॉक. मामाने घाईत बसवलेला. पळत गेलो तर पाऊण तासात पोचेन, असं तो पुटपुटला आणि मामीकडे बघायचं टाळलं. इथवर येऊन हा आता जाणार, आणि मामी पुन्हा कधीही कुठे चल म्हणणार नाही.

मामीने आपला फोन काढला. मामा उचलत नसला की लोक तिलाच लावतात, त्यामुळे सगळे नंबर तिच्याकडे आहेत.

"डॉक्टर, टाकी वाहतेय तुमची. जिन्याखालचं पंपाचं बटन बंद करा. हो, तेच. नाही, आज ते बाहेर आहेत. उद्या येतील." मग तिने पलीकडचं ऐकून घेतलं. "बरं, ठेवते."

"काय म्हणाला?" मामाने विचारलं.

"बरं म्हणाले. घाई नाही म्हणाले."

मामाने कॅमेरा घेतला आणि बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिला. ओघ बारीक झाला, मग थांबला. तो येऊन बाकावर तिच्याशेजारी बसला.

"उद्या म्हटलं तर माणूस नुसतं बरं म्हणतो," तो म्हणाला. "मला वाटायचं आभाळ कोसळेल. सव्वीस वर्षं मी सगळ्यांना आज म्हणत आलो गं, आणि तुला उद्या."

मामी कपात चहा ओतत होती. "मग? मीसुद्धा नुसतं 'बरं'च म्हणत आले ना."

मामाला रडू आलं. मी उठून शेडच्या दुसऱ्या बाजूला गेले.