दंडावरची ओली पट्टी

मोजायची टेप विसरले म्हणून मी परत जिना चढले. दार उघडंच होतं. पलंगावर त्या घरची सून उजवा हात पुढे करून, डोळे मिटून पडलेली. तिच्या सासूबाईंच्या हातात तांब्याचा गडू. दहा मिनिटांपूर्वी मी दंडावर लावलेल्या पट्टीची कड त्यांनी नखानं उचलली होती आणि तुळशीच्या पानानं आत पाणी शिंपडत होत्या.

माझा स्पर्श धुऊन काढत होत्या.

मला बघून दचकल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. आमच्याकडे आहे तसं."

मी टेप उचलली. निघताना "येते काकू" म्हणाले. ते "येते काकू" आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

मी नर्स आहे. सुनेला कॅन्सर. तिच्या दंडातून एक बारीक नळी आत घातलेली, पार हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत. पिक लाईन म्हणतात. महिनोन्‌महिने औषध तिच्यातूनच जातं. बाहेरून जंतू शिरला तर तोही त्याच वाटेनं आत जातो. म्हणून दर मंगळवारी मी गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटवर जायची. हात धुवायचे, निर्जंतुक कापड पसरायचं, हातमोजे घालायचे, नळी बाहेर किती आली ते मोजायचं, नवी पट्टी लावायची.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी नाव विचारलं. मग आडनाव. त्यावरून नीट उलगडा होईना म्हणून गाव. सायखेडा म्हटल्यावर, सायखेड्यात नेमकं कुठे? मी सांगितलं. त्यानंतर हात धुवायला मला मागच्या बाल्कनीतला नळ दाखवण्यात आला. तिथं कुत्र्याचं भांडं असायचं. मी तिथंच हात धुतले. वर पुन्हा आपल्याकडचं सॅनिटायझर चोळलं. आणि गप्प बसले.

पट्टीखाली ओल मला आधीपासून दिसत होती. मी सुनेलाच रागवायचे, आंघोळीला हाताला प्लॅस्टिक गुंडाळत जा. ती मान हलवायची. तिला सगळं माहीत होतं.

त्या मंगळवारी घरी येऊन आईला सांगितलं. भांडी घासता घासता ती थांबली.

"एवढी शिकली, अन् गप बसून आली? मी गप बसायची, मला शाळा नव्हती. तुला काय झालं व्हतं?"

तरी मी डॉक्टरांना फोन केला नाही. लाज वाटत होती. घाण त्यांनी केली आणि लाज मला.

शुक्रवारी सुनेला हुडहुडी भरून ताप आला. रक्तात जंतू. नळी काढावी लागली, औषध थांबलं, ती अतिदक्षता विभागात. तिचा नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, या सिस्टरचे हात स्वच्छ नसतात.

माझे हात.

मी सगळं सांगितलं. नख, गडू, पान. नवऱ्यानं ते खोटं ठरवलं असतं, पण सासूबाईंनीच तोंड उघडलं. "गंगेचं पाणी आहे ते. स्वतः भरून आणते मी. त्यानं काय होतंय?" गोदावरीला आम्ही नाशिकचे सगळेच गंगा म्हणतो. मीही म्हणते. नवरा मोबाइलमध्ये बघायला लागला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, एक सॉरी म्हणून टाका. विषय संपवू."

"नाही म्हणणार. फाईलमध्ये लिहा."

पट्टी उचलून पाणी शिंपडलं, एवढं त्यांनी लिहिलं. का शिंपडलं ते कशाला लिहायचं, म्हणाले. मी पेन घेतलं. लिहिलं, सिस्टरची जात कळली म्हणून. खाली लिहिलं, हे बघूनही मी तीन दिवस कळवलं नाही, ही माझी चूक. मग सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

सून वाचली. मला त्या घरी पुन्हा बोलावलं नाही. माझ्या तोंडावर थुंकले असते तर मी पुसून घेतलं असतं, एवढी मला सवय होती. पण माझं गप्प बसणं दुसरीच्या रक्तात गेलं. ते पुसता येत नाही.

आता नव्या घरी गेले की दारातच पूर्ण नाव सांगते. गाव सांगते, गावातली वस्तीही सांगते. दार लावायचं तर तेव्हाच लावा. एकदा मी कापड पसरलं की त्याच्याजवळ कुणाचाही हात खपवून घेत नाही. आणि काम झाल्यावर अर्धा जिना उतरून परत वर येते. दर वेळी. काही विसरलेलं नसताना.