वाटेवरच्या खुर्च्या

खुर्च्या मढवणाऱ्याचा सगळा धंदाच लोकांना बसवण्याचा, पण हा खुर्चीवाला स्वतः कधी बसायचा नाही. गुडघे टेकून काथ्या भरायचा, ओठांत बारीक खिळे धरून बोलायचा आणि चहा उभ्याउभ्याच घशाखाली लोटायचा. लेक लहान असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो तिला तळहाताच्या फोडासारखं जपत आला होता.

जपण्याची तऱ्हाही अशी, की बघणाऱ्याने कपाळावर हात मारावा. घरापासून शाळेपर्यंत त्याने खुर्च्या पेरल्या होत्या. जिन्याच्या वळणावर एक, औषधाच्या दुकानात एक, चष्मेवाल्याकडे एक, शाळेच्या फाटकाशी एक. सगळ्या गिऱ्हाइकांनी टाकलेल्या, याने नव्याने मढवलेल्या. लेक आता चांगली उंच झाली होती, डॉक्टरांनी हिंडाफिरायची मोकळीक कधीच दिली होती. तरी प्रत्येक खुर्चीत टेकल्याशिवाय पुढे जायची तिला सोय नव्हती. चष्मेवाला तिला बाईसाहेब म्हणायचा.

मग इस्पितळाने हृदयाचं दुखणं असलेल्या मुलांसाठी निधी जमवायला शहरातून चालायचं ठरवलं. लेकीने आईबापांसकट तिघांचीही नावं परस्पर देऊन टाकली.

"एवढं लांब? आणि वाटेत ही बसणार कुठे?" खुर्चीवाल्याचं तोंड उतरलं.

"अहो, चालायला जायचंय," बायको म्हणाली. "बसायचंच असतं तर घर काय वाईट होतं?"

पण ऐकेल तर शपथ. त्या सकाळी उजाडताच त्याने टेम्पो बोलावला आणि दुकानातल्या होत्या नव्हत्या त्या खुर्च्या वाटेवर मांडून आला. एका वकिलाची दुरुस्तीला आलेली मखमली खुर्चीसुद्धा शेवटच्या चौकात ठेवली.

चालणं सुरू झालं. याचा जीव टांगणीला. पहिली खुर्ची दिसली, तर तीत एक म्हातारा छातीवर हात ठेवून बसलेला. 'उठा' हा शब्द याच्या अगदी ओठांवर आला होता.

"कुणी ठेवली कोण जाणे," म्हातारा म्हणाला, "पण माझी फार सोय झाली हो."

पुढच्या खुर्चीत एक तरुण आई होती. मांडीवरच्या बाळाचे ओठ निळसर होते. लेकीचेही असेच असायचे. खुर्चीवाला जागच्या जागी थबकला. त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. रस्ता माणसांनी भरून चालला होता, आणि यातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी असंच रात्री उठून कुणाचा तरी श्वास ऐकत असणार. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, ही भीती आपल्या एकट्याच्याच घरात राहते.

भानावर येऊन पाहतो तर शेजारी लेक नाही. ती केव्हाच पुढे गेली होती. वाटेतल्या एका मोकळ्या खुर्चीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिची वेणी गर्दीत दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. खुर्चीवाला अक्षरशः धावत सुटला.

शेवटच्या चौकात ती मखमली खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. चेहरा लालबुंद, श्वास जोरात, पण एका लयीत.

"बस," तो धापा टाकत म्हणाला. "आधी बस बघू."

"बाबा, तुम्ही बसा. किती दमलात."

तो बसला. आजवर खुर्चीत बसलेल्या लेकीकडे त्याने नेहमी वरून पाहिलं होतं. आज पहिल्यांदाच त्याला मान वर करावी लागली.