आता बरं, की मघाशी?

काकांच्या जुन्या अॅम्प्लिफायरमधून धूर निघाला, तेव्हा त्याच्यामागे स्क्रूड्रायव्हर घेऊन मीच उभा होतो. त्यामुळे संशय दुसऱ्या कुणावर जाण्याची सोय नव्हती.

झालं असं, की चुलतभावानं, म्हणजे काकांच्या मुलानं, पाच नवे स्पीकर पाठवले. पुढे ठेवायचे दोन उंच, टीव्हीखाली एक आडवा आणि मागे लावायचे दोन छोटे. पाचही जणांना आपापला आवाज वाटून देणारा डबा, म्हणजे रिसीव्हर, "तो तुम्ही तिकडेच बघून घ्या" असं त्यानं फोनवर सांगितलं. तोवर दम धरायचा, तर मी म्हणालो, "जुना अॅम्प्लिफायर आहे की. चार स्पीकर सहज चालतील. मी सायन्सचा आहे." आमच्या गावच्या शाळेत विजेचा धडा शेवटचा होता आणि परीक्षा त्याच्या आधी आली होती, हे मी बोललो नाही. नव्या स्पीकरांवर चार ओहम लिहिलं होतं, जुन्या डब्यावर आठ. चार म्हणजे निम्मे, म्हणजे भारही निम्मा, हे माझं गणित. खरं तर ओहम जितके कमी तितका स्पीकर जास्त करंट ओढतो. त्यात मी एकेका बाजूला दोघा-दोघांना जुंपलेलं. गाण्याची पहिली ओळ झाली, दुसरीला वास आला.

"अहो, काही करपलं का?" आतून काकूनं विचारलं.

"काही नाही गं," काका म्हणाले, "पुतण्याचं सायन्स करपलं."

नोकरी लागल्यापासून मी काकांकडेच राहतो, त्यामुळे पळून जायलाही जागा नव्हती. त्या दिवसापासून काका मला 'शास्त्रज्ञ' म्हणतात.

काकांना स्वतःला अख्खा बाजार 'नंबरवाले' म्हणतो. चौकात त्यांचं चष्म्याचं लहानसं दुकान होतं. उंच खुर्चीत गिऱ्हाईक, त्याच्या नाकावर जड गोल फ्रेम, समोर भिंतीवर अक्षरं, आणि काका एकेक काच सरकवत विचारणार, "आता बरं, की मघाशी?" दुकान विकलं, पण प्रश्न घरी घेऊन आले. पंखा तीनवर ठेवून विचारतात, चारवर ठेवून विचारतात. उशी उलटी करून विचारतात. केस कापायला गेले, तर न्हाव्यानं आरसा दाखवायच्या आत तेच न्हाव्याला विचारतात.

दुसरी खोड म्हणजे समोरच्याचा चष्मा वाकडा दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. बसमध्ये, बँकेत. एकदा तर दंड करायला आलेल्या ट्रॅफिक पोलिसाच्या नाकावरून त्यांनी चष्मा उचलला, काड्या नीट केल्या आणि परत ठेवला. पोलीस दंड विसरला. काकू तो प्रसंग विसरलेली नाही.

त्यांच्या धंद्यात एक युक्तीही होती. काच बदलली की पुष्कळ लोक भिडेखातर "आता बरं" म्हणतात. नंबर काढणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून! अशा माणसाची शंका आली की काका काच बाहेर काढायचे आणि तीच परत आत सरकवायचे. "आता तर खूपच बरं," असं म्हणाला की सापडला. काका रागवायचे नाहीत. पहिल्यापासून सुरू करायचे.

काकू त्याच दुकानात काउंटरवर बसायची. फ्रेम दाखवणं, पैसे घेणं आणि नवऱ्याच्या पायात पाय न अडकवणं, ही तिची कामं. पुढे तिचेच डोळे गेले. गेले म्हणजे पूर्ण नव्हे. डोळ्याचा पडदा मधोमध झिजला. कडेचं दिसतं, समोरचं पुसलेलं. "तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही," ती काकांना म्हणते, "आत्ता कुठे संसार सुखाचा झाला." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यावर चष्मा नाही. काका मान डोलावून घरी आले आणि लगेच नवी काच घासायला बसले. मग दुसरी. मग आणखी. प्रत्येक चष्म्याला काकू म्हणायची, "आता बरं दिसतंय हो." शेवटी एक दिवस काकांनी तिचा जुनाच चष्मा नुसता पुसून तिच्या हातात दिला. "आता तर खूपच बरं," काकू म्हणाली.

दुकान त्याच वर्षी विकलं.

काकूनं त्यानंतर सिनेमा बघायचं सोडलं. या दोघांची भांडणं सोडली तर एकत्र करायची तेवढी एकच गोष्ट होती. "सगळेच एका डब्यातून बोलतात, कोण कुठे उभंय कळत नाही, नुसता ढिगारा," ती म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायची. म्हणून तर ते पाच स्पीकर मागवले होते. रिसीव्हर घ्यायला निघालो तेव्हा जिन्यात थांबून काका हळूच म्हणाले, "शास्त्रज्ञा, तिला सिनेमा कळला पाहिजे. आणि एक ध्यानात ठेव, ती खोटं बोलणार. काहीही लावलं तरी छान आहे म्हणणार."

दुकानदार उत्साही होता. निळे दिवे लुकलुकणारा एक रिसीव्हर थोपटून म्हणाला, "हजार वॉट, साहेब! भिंती हलतील."

"भिंती भाड्याच्या आहेत," काका म्हणाले.

मी मात्र धुरानंतर रोज जेवताना मोबाइलवर हेच वाचत होतो. विचारलं, "हजार कधी? एकच स्पीकर चालू असताना की पाचही? आणि चार ओहमवर चालतो का?"

दुकानदारानं मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुम्ही या लाइनमधले?"

"धूर काढून शिकलाय," काकांनी अभिमानानं माहिती पुरवली.

मग खोक्यावरच्या बाता बाजूला पडल्या. चार ओहमचे स्पीकर झेपतील असे दोनच निघाले. एक तो निळ्या दिव्यांचा आणि दुसरा साधा काळा, दोन गोल बटणांचा, उचलताना कंबरेत उसण भरेल इतका जड. काकांचं म्हणणं, दोन्ही घरी द्या, एक संध्याकाळभर. दुकानदार नाही म्हणाला. म्हणता म्हणता त्यानं मान तिरकी केली, आणि तिथंच तो फसला. त्याचा चष्मा डाव्या कानावर चढलेला होता. काकांनी तो काढला, अंगठ्यानं काडी दाबली, नाकाच्या पट्ट्या सारख्या केल्या, परत ठेवला.

"आता बरं, की मघाशी?"

दुकानदारानं आपलंच दुकान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं. "रात्री एक परत न्यायला मी स्वतः येतो," तो म्हणाला. वर एक डिस्कही देऊ केली, त्यात हेलिकॉप्टर आणि स्फोट. काकांनी सांगितलं, "तिला हेलिकॉप्टर नको, माणसं हवीत." तेव्हा त्यानं गल्ल्याच्या खणातून एक जुना सिनेमा काढला. "हा माझा स्वतःचा आहे. ओरखडा आला तर बघा."

घरी आल्यावर मी माहितीपुस्तकाप्रमाणे सगळं केलं. रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो. तो ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा. मग पाचही स्पीकर आळीपाळीनं टुणटुण वाजतात आणि कुणाला किती आवाज द्यायचा ते रिसीव्हर मोजून ठरवतो. पुस्तकात लिहिलं होतं, 'मुख्य आसनावर ठेवा.' आमच्या घरातलं मुख्य आसन म्हणजे मधोमध असलेली काकांची खुर्ची. ठेवला.

आधी निळा लावला. सिनेमातल्या घरात सासू, सून आणि नवरा एकाच वेळी बोलत होते.

"छान आहे," काकू म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. माइक खुर्चीच्या पाठीवर तसाच ठेवून मी तारा सोडवल्या, काळा लावला, पुन्हा टुणटुण. "हेही छान."

काकांनी मला डोळ्यानं खुणावलं. मी टीव्हीच्या कपाटामागे वाकलो, स्क्रूड्रायव्हर खरवडला, उगाच दोनदा "हुश्श" केलं आणि काहीही न बदलता तोच प्रसंग परत लावला.

"आता बरं, की मघाशी?" काकांनी विचारलं.

काकूनं कान कपाटाकडे वळवला. मग म्हणाली, "तीच काच परत घातलीत ना?"

मी कपाटामागेच राहणं पसंत केलं.

"अहो, काउंटरवर बसून जन्म काढला मी. किती जणांना पकडताना पाहिलंय तुम्हाला."

"मग खरं सांग ना!" काका एकदम म्हणाले. "तेव्हाही नाही सांगितलंस. बरं दिसतंय, बरं दिसतंय करत राहिलीस, आणि मी मूर्खासारखा काचा घासत बसलो."

"तुम्ही घासत होतात तोवर तुम्हाला आशा होती," काकू म्हणाली. "ती मी कशाला मोडू?" मग नेहमीच्या आवाजात, "खरं हवंय ना? मग ऐका. दोन्ही ढिगारा. मघाचा दिखाऊ ढिगारा, हा वजनदार ढिगारा. सासू माझ्या कानात ओरडतेय आणि नवरा कुठे आहे ते देवाला ठाऊक."

काका खुर्चीत खचून बसले. पाच स्पीकर, दोन रिसीव्हर, आणि बायको परत स्वयंपाकघरात जाणार. मला जळलेल्या अॅम्प्लिफायरपेक्षा हे जास्त लागलं.

काकू उठली नाही मात्र. म्हणाली, "काय रे, मघाशी ते टुणटुण कशासाठी होतं?"

"माइकनं मोजलं, ऐकणारा कुठे बसतो ते."

"आणि माइक कुठे होता?"

मी काकांच्या खुर्चीकडे पाहिलं. काकांनीही स्वतःच्या खुर्चीकडे पाहिलं, तीत ते बसलेले असूनही. काकू बसते ती खिडकीजवळच्या कोपऱ्यात, टीव्हीकडे खांदा करून, कारण तिला जे काही दिसतं ते डोळ्याच्या कडेनं. तिच्या कानाशी एक स्पीकर, बाकीचे लांब.

"म्हणजे नंबर तुमचा काढलात," काकू सावकाश म्हणाली, "आणि चष्मा मला घातलात."

इतकी वर्षं लोकांच्या नाकाची मापं घेतलेला माणूस असा लाजलेला मी पाहिला नव्हता. "याला सांगितलं कुणी तिथं ठेवायला?" असं ते म्हणाले खरं, पण तोवर खुर्ची बाजूला सारून माइक त्यांनी स्वतःच उचलला होता. काकूच्या खुर्चीच्या पाठीवर दोन पुस्तकं रचली, तिच्या कानाच्या उंचीला तो ठेवला, तिची हनुवटी दोन बोटांनी जरा इकडे, जरा तिकडे केली. गिऱ्हाइकाची करायचे तशी.

"गुदगुल्या होतात हो."

"हलू नकोस. बोलूही नकोस."

"हे बरं सापडलं तुम्हाला."

पुन्हा टुणटुण. निळ्यावर काकू म्हणाली, "माणसं आपापल्या जागी गेली, पण सगळ्यांना सर्दी झालीय." काळ्यावर ती जरा पुढे झुकून ऐकू लागली. पडद्यावर सून एकटीच मोरीशी भांडी घासत होती. काका विचारायला तोंड उघडणार, इतक्यात काकूनं हात वर केला.

"श्श. तिच्या मागे कोण येऊन उभं राहिलं?"

आम्ही दोघांनी पाहिलं. कुणीच नव्हतं. नळ, भांडी, सून. मग सुनेनं मान वळवली आणि डाव्या कडेनं नवरा आत आला.

काकांनी त्यावर प्रश्न विचारला नाही. मी पुढे होऊन निळ्याचं खोकं बंद करायला घेतलं.

सिनेमा मग शेवटपर्यंत चालला. काकू मध्येमध्ये सासूला सल्ले देत होती, काका तिला गप्प करत होते, म्हणजे सगळं पूर्ववत झालं. शेवटच्या प्रसंगाला बेल वाजली. दुकानदार निळा रिसीव्हर न्यायला आला होता. मी दार उघडलं, खोकं जिन्यापर्यंत पोचवलं आणि परत आलो, तर पडद्यावर नावं वर सरकत होती आणि दोघांची जुंपली होती.

"एकदम शांत का झालं? काय झालं शेवटी?"

"तिनं नवऱ्याकडे पाहिलं."

"पाहिलं म्हणजे कसं पाहिलं?"

काकांनी मनापासून आठवलं. "दोन्ही डोळे व्यवस्थित होते. तिरळेपणा नाही, लाली नाही."

"अहो, ती राहणार होती की जाणार होती?"

"ते डोळ्यात दिसत नाही."

"कठीण आहे," काकू म्हणाली आणि माझ्याकडे वळली, म्हणजे माझ्या कानाकडे. "तू बघ रे जरा मागे घेऊन, आणि सांग मला."

मी हो म्हणालो. तेवढ्यात दुकानदार जिना चढून परत वर आला. डिस्क राहिली होती. त्यानं ती उजेडात धरून ओरखडा तपासला आणि नेली.

मी दोनदा त्याच्या दुकानात जाऊन आलो. डिस्क दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे गेलीय, आली की देतो म्हणाला. त्यानंतर आमच्या घरी बरेच सिनेमे झाले. पण सुरू होण्याआधी, मी रिमोट हातात घेतला की खिडकीच्या कोपऱ्यातून आवाज येतोच, "माझ्या त्या सुनेचं काय झालं रे?"

"सांगतो काकू," मी म्हणतो, "आणतो आणि सांगतो."